जारी राहील तोच सदका

रमजानचा तिसरा अशरा लागला की मोबाइलवर एकाच प्रकारचे संदेश यायला लागतात. अमुक रक्कम पाठवा, कोरड्या गावात बोअर घेऊन देऊ, हातपंप बसवून देऊ, तुमच्या मरहूम आई-वडिलांच्या नावाची पाटी लावू आणि फोटो पाठवू. संदेश पाठवणारे बहुतेक भले लोक असतात. पैसे देणाऱ्यांची नियतही साफ असते. तरी असा संदेश वाचला की मी जरा थांबते. कारण ज्या कोरड्या गावांसाठी हे पैसे मागितले जातात, त्याच मुलखात आम्ही राहतो.

माझी शाळा दिंद्रुडची, तालुका माजलगाव, जिल्हा बीड. तालुक्यात सिंदफणा नदीवर मोठे धरण आहे, पण धरण जवळ असले म्हणजे घागर भरतेच असे नाही. पावसाने ओढ दिली की मार्चपासूनच बायकांचा दिवस पाण्यापासून सुरू होतो आणि पाण्यापाशीच संपतो. २०१६ चा उन्हाळा कोण विसरेल? शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्याच्या आदल्या वर्षी पाण्याअभावी परळीचे वीज केंद्र बंद पडले होते. अशा प्रदेशात पाणी पाजण्याचे पुण्य किती मोठे, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. प्रश्न इतकाच आहे की ते पुण्य टिकते किती दिवस?

माझे माहेर इथून फार लांब नाही. गावाचे नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका गावाची नाही. आमच्या मोहल्ल्यात तीन बोअर आहेत आणि तिन्हींवर संगमरवरी पाट्या आहेत. पहिल्याची मोटर जळली, ती वर काढायला पैसे जमले नाहीत. दुसरा दुसऱ्याच उन्हाळ्यात आटला. तिसऱ्याचे पाणी इतके मचूळ की भांडी घासण्यापलीकडे उपयोग नाही. तीन पाट्या, तीन मरहूमांची नावे, आणि बायका मात्र सकाळी घागरी घेऊन निघतात त्या कोपऱ्यावरच्या जुन्या सरकारी हातपंपाकडे. त्या हातपंपावर कुणाचेच नाव नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात अम्मी गेली. चाळिसावा झाला आणि सौदीहून भाईजानचा फोन आला. तो म्हणाला, "अम्मीच्या नावाने बोअर घ्यायचा. दीड लाख पाठवतो. साडेपाचशे फूट घ्या, सहाशे घ्या, पण पाणी लागलेच पाहिजे. आणि पाटी चांगल्या दगडाची लाव."

मी लगेच हो म्हटले नाही. म्हणाले, "भाईजान, चौथी पाटी लावण्याआधी पहिल्या तीन का बंद पडल्या ते बघू."

त्याला ते लागले. परदेशात आठ माणसांच्या खोलीत राहून माणूस पैसा जमवतो, तो आईच्या मय्यतीला पोहोचू शकलेला नसतो, आणि बहीण त्याला हिशोब विचारते. "तू मास्तरीण आहेस, तुला सगळीकडे चुका दिसतात," असे म्हणून त्याने फोन ठेवला. पुढचे तीन आठवडे आमचे बोलणे झाले नाही. आमच्या घरात एवढी शांतता कधी नव्हती.

त्या तीन आठवड्यांत मी जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आधी दीनची गोष्ट. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांची आई वारली तेव्हा त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले की तिच्यासाठी कोणता सदका उत्तम. उत्तर मिळाले, पाणी. त्यांनी आईच्या नावाने विहीर खणली. भाईजानच्या मनात हीच हदीस होती आणि ती बरोबरच होती. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदीनेतील रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, कारण तिचा मालक पाणी विकत असे आणि गरिबाला ते परवडत नसे. ती विहीर आजही मदीनेत आहे. दुसऱ्या एका हदीसीत माणूस मेल्यावर त्याची सगळी कर्मे थांबतात, तीन सोडून, असे सांगितले आहे. सदका-ए-जारिया, ज्याचा लोकांना उपयोग होतो असे ज्ञान, आणि दुआ करणारी नेक औलाद.

'जारिया' या शब्दाचा अर्थ आपण वर्गात मुलांना सांगतो तितकाच सोपा आहे. जारी म्हणजे वाहता, चालू. बंद पडलेला बोअर जारी कसा म्हणायचा? देणाऱ्याला नियतीचे पुण्य अल्लाह देईलच, तो हिशोब त्याच्याकडे. पण तहानलेल्याच्या घागरीत नियत पडत नाही.

आपल्या इतिहासातील मोठी कामे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. हारून रशीदची बेगम जुबैदा हिने मक्केत हाजींसाठी पाण्याचा कालवा आणला. तो ऐन जुबैदा म्हणून प्रसिद्ध आहे. शतके गेली, कालवा ठिकठिकाणी ढासळला, तेव्हा सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानची मुलगी मिहरिमाह हिने त्याच्या दुरुस्तीसाठी आपला पैसा दिला. एका बाईने बांधले, सातशे वर्षांनी दुसरीने दुरुस्त केले. हाजींनी दोघींचे पाणी प्यायले. तिला स्वतःच्या नावाचा नवा कालवा खणता आला नसता का?

फार लांब जायचीही गरज नाही. बीडजवळची खजाना बावडी अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात सलाबतखानाने बांधून घेतली. भुयारी मार्गांनी तिचे पाणी बाहेर जाते आणि दुष्काळातही ती तग धरते, अशी तिची ख्याती आहे. औरंगाबादला मलिक अंबरने डोंगरातील पाणी नळांतून शहरात आणले, ती नहर-ए-अंबरी. तिथली पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी आहे. पाण्यावर चक्की फिरे आणि खानकाहमध्ये येणाऱ्या फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. या कामांमागे वक्फचा विचार होता. वास्तू उभी करायची आणि तिच्या देखभालीसाठी उत्पन्नाची सोयही करून ठेवायची. आपण वास्तू लक्षात ठेवली, सोय विसरलो.

आता हातपंपाचे पाहा. जगभर गरीब देशांत 'इंडिया मार्क टू' नावाचा हातपंप दिसतो. त्याची मुळे आपल्याच भागात आहेत हे किती जणांना माहीत आहे? १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे सरकारने आणि युनिसेफने खडकात खोल बोअर घेतले, पण त्यांवर बसवलेले बिडाचे घरगुती पंप गावभराच्या वापराने मोडून जात. सत्तरच्या दशकाच्या मध्यात पाहणी झाली तेव्हा बहुतांश पंप बंद आढळले. त्या वेळी जालन्याच्या मिशनच्या लोकांनी तयार केलेला 'जालना पंप' आणि त्यावरून सुधारलेला 'सोलापूर पंप' मात्र टिकून होते. त्यांच्यावरून पुढे मार्क टू तयार झाला. म्हणजे पाणी कसे काढायचे हा प्रश्न सुटल्यावरही पंप चालू कसा ठेवायचा हा प्रश्न उरलाच होता, आणि त्याचे उत्तर मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या मातीत सापडले.

बोअर आटण्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. पाणी त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात साठते. जितके खोल जाल तितके पाणी जास्त, असे इथे नसते. पुष्कळदा खोल बोअर वरच्याच थराचे पाणी ओढतो आणि शेजारचा आड कोरडा करतो. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला खोल विहीर म्हटले आहे आणि तिच्यावर बंधने घातली आहेत, ती यासाठीच. शिवाय खडकात फार काळ मुरलेल्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराईड वाढलेले असते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे धरतात. पाणी उकळले तरी फ्लोराईड जात नाही.

पाणी आणि आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे आमच्या शेजारच्या जामखेडने पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. दोघे ख्रिस्ती, मोठ्या संस्थांत शिकलेले. दवाखाना उघडला तरी लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती. दुष्काळाचे दिवस होते, लोकांना अन्न आणि पाणी हवे होते. मग डॉक्टरांनी बोअर आणि हातपंपांचे काम हाती घेतले, आणि हातपंप दलित वस्तीत यावेत असा प्रयत्न केला. ज्यांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता, त्यांच्या दारात पाणी आले आणि बाकीच्या गावाला तिथे जावे लागले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही एका हातपंपाची जागा ठरवणे हे न्यायाचे काम होते.

आरोळे दांपत्याचे दुसरे काम मला शिक्षिका म्हणून अधिक मोलाचे वाटते. त्यांनी गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या पुष्कळ निरक्षर आणि दलित होत्या, आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, पाण्याची स्वच्छता हे सगळे या बायका सांभाळू लागल्या. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये त्या गावांत हजार बाळांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ वर आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगाव दिसणाऱ्या आशाताई २००५ पासून आल्या, पण त्यांची मोठी बहीण जामखेडची ग्राम आरोग्य सेविका आहे.

आमच्या जिल्ह्यात आरोग्याचे दुखणे किती खोल आहे ते सांगते. दिवाळी झाली की माझ्या वर्गातले काही बाक रिकामे होतात. आई-बाप कोयता घेऊन टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, खाडा केला की पैसे कापले जातात. फडावर कोपीत राहायचे, मिळेल ते पाणी प्यायचे, अंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या उचलायच्या. २०१९ मध्ये जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. या आकड्यामागे गरिबी आहे, कर्ज आहे, चुकीचा सल्ला आहे, आणि स्वच्छ पाण्याची, आडोशाची वानवाही आहे.

हे सारे मी भाईजानला एका लांब व्हॉइस मेसेजमध्ये सांगितले नाही. त्याला मी एक फोटो पाठवला. माहेरच्या आशाताईंकडून मी पाणी तपासायची एच टू एस बाटली घेतली होती. कोपऱ्यावरच्या हातपंपाचे पाणी तिच्यात भरले आणि फडताळात ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी काळे पडले. काळे पडले म्हणजे पाण्यात मैल्याचे जंतू आहेत. मोहल्ल्यातल्या बायका ती बाटली बघायला आल्या. "हेच पाणी आम्ही लेकरांना पाजतो?" एवढेच एक जण म्हणाली. त्या पावसाळ्यात मोहल्ल्यात चार मुलांना कावीळ झाली होती. त्यांतला एक माझ्या मावसबहिणीचा मुलगा. तो महिनाभर अंथरुणावर होता.

भाईजानचा फोन त्याच रात्री आला. "अम्मी हेच पाणी पीत होती?" त्याने विचारले. मी हो म्हटले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सांग, काय करायचे."

मिस्त्री बोलावला. हातपंपाचा ओटा फुटलेला होता. भांडी घासलेले, म्हशी धुतलेले पाणी तिथेच साचून पाइपाच्या कडेने परत खाली उतरत होते. म्हणजे रोग खालून येत नव्हता, आम्हीच वरून सोडत होतो. ओटा नवा बांधला, सांडपाण्याला नाली काढली, पुढे शोषखड्डा खणला. पंपाची साखळी, वॉशर आणि दोन पाइप बदलले. म्हशींसाठी वेगळा हौद लांब केला. बोअरमध्ये क्लोरीन टाकून पाणी उपसून काढले. नंतर नमुना प्रयोगशाळेत पाठवला. फ्लोराईड मर्यादेत निघाले, अल्हम्दुलिल्लाह. पुन्हा बाटली भरली, ती स्वच्छ राहिली. जळलेली मोटर वर काढून पहिला बोअरही चालू करता आला, त्याचे पाणी वापरासाठी ठेवले. त्या बोअरवरची जुनी पाटी पुसून स्वच्छ केली. ते मरहूमही आमच्याच मोहल्ल्याचे होते, त्यांचा सदका पुन्हा जारी झाला.

या सगळ्याला दीड लाखाच्या निम्मेही लागले नाहीत. उरलेल्याचे काय करायचे यावर पुन्हा चर्चा झाली. बँकेत ठेव ठेवून व्याजावर देखभाल करावी, असे कोणी सुचवले. पाण्याच्या पुण्यात व्याज मिसळायला भाईजान तयार नव्हता, मीही नव्हते. रस्त्यालगत अब्बांची दुकानाची एक खोली पडून होती, पत्रे उडालेली. आम्ही तिघे भावंडे वारस. तिघांच्या संमतीने खोली दुरुस्त केली आणि एका शिंप्याला भाड्याने दिली. महिन्याचे सातशे रुपये भाडे येते. ते फक्त पाण्यासाठी. वॉशर, औषध, मिस्त्रीची मजुरी त्यातून होते. मोठ्या शब्दांत सांगायचे तर वक्फ, आमच्या घरातला शब्द 'अम्मीची खोली'.

जकातीबद्दल एक गोष्ट भगिनींनी ध्यानात ठेवावी. हनफी उलमांच्या मते जकात गरजूच्या हातात, त्याच्या मालकीत दिली पाहिजे. बोअर, ओटा, टाकी अशा सार्वजनिक कामाला ती लागत नाही. त्यासाठी लिल्लाह किंवा नफिल सदका वेगळा काढावा. शंका असेल तर आपल्या आलिमांना आधी विचारावे. आणि पाणी फक्त मोहल्ल्यापुरते ठेवू नये. पाणी, चारा आणि विस्तव यांत लोक भागीदार आहेत, अशी हदीसची शिकवण आहे. आमच्या हातपंपावर मातंग वस्तीतल्या बायका येतात, धनगरवाड्यातल्या येतात. नंबर लागतो, भांडणही होते, पण परत कोणी जात नाही.

पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारा. तिथला जुना पाणवठा का बंद पडला? पाणी तपासले आहे का? वर्षभराने बिघडले तर दुरुस्त कोण करणार आणि पैसे कुठून येणार? आणि पाणी भरणाऱ्या बायकांना कोणी विचारले का? जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचे आहे. आपल्या लेकी-सुनांनी त्यात नाव द्यावे. दहावी शिकलेली मुलगी हे काम सहज करते. आमच्याकडे दोघी करतात. क्लोरीनची तपासणी करताना नळीतले पाणी पिवळे झाले की लहान मुले टाळ्या वाजवतात.

घरातल्या घरात करण्यासारखेही पुष्कळ आहे. मूल जुलाबाने गळून गेले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवून घोट घोट पाजत राहा आणि दवाखाना गाठा. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी अशाच साखर-मिठाच्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले. हे शिकवणे हासुद्धा सदका आहे. हदीसीतले ते तीन राहणारे अमल आठवा, त्यांत ज्ञानही आहे.

भाईजान मागच्या वर्षी सुट्टीवर आला. त्याचे मन पूर्ण मानले असे म्हणणार नाही. पाटी असती तर बरे झाले असते, असे तो अजून म्हणतो. नाव वाचून कोणी तरी अम्मीसाठी दुआ केली असती, हे त्याचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. मी त्याला पाण्याची वही दाखवली. तारीख, भाडे, वॉशर, औषध, तपासणीचा निकाल, शेवटी सही. त्याने पहिल्या पानावर उर्दूत अम्मीचे नाव लिहिले आणि वही परत दिली. आता दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो त्याला जातो.

आपल्यापैकी प्रत्येकीच्या गावात कुठे तरी एक बंद हातपंप असेल, एक मोडकी टाकी असेल, तिच्यावर कुणाचे तरी नाव असेल. या रमजानमध्ये नवीन काही बांधायच्या आधी ते एकदा पाहून या. अल्लाह आपल्या मरहूमांची मगफिरत करो, आपले सदके कबूल करो आणि ते जारी ठेवण्याची आपल्याला तौफिक देवो. आमीन.